पडद्यामागचा बेंजो

माझ्या मुलीच्या ऑफिसात कसलीशी यादी चालली आहे. प्रत्येकाने घरच्या मोठ्या माणसांना विचारून पाच जुनी इंग्लिश गाणी आणायची. परवा जेवताना ती म्हणाली, "आई, सत्तरच्या दशकातली रॉक गाणी सांग. पुन्हा ऐकावीत अशी." मी भाजी वाढता वाढता चार सांगितली. तिने फोनमध्ये टिपून घेतली आणि विचारलं, "पाचवं?" मी म्हटलं, "आठवत नाही."

आठवत नाही असं अजिबात नाही. पाचवं त्या चारांपेक्षा चांगलं आहे, आणि त्याचा मधला गिटारचा तुकडा मला आजही तोंडपाठ आहे. नाव सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे फोनवर लावलं असतं. मला ते नको होतं.

सत्तरच्या दशकात मी पाळण्यात होते. ती गाणी आमच्यापर्यंत पोचली नव्वदीत, वीस वर्षं उशिरा, आणि तरी आम्हाला वाटायचं की आपण सगळ्यांच्या पुढे आहोत. वाशीत एक कॅसेटवाला होता. त्याला कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी दिली की चार दिवसांत तो भरून द्यायचा. कॉपीची कॉपी असायची, आवाज बसलेला, पण आम्हाला तोच खरा आवाज वाटे. कॉलेजात आम्हा पाच जणांचा एक गट होता. चार मुलगे आणि मी. मुलगे काळे टी-शर्ट घालायचे आणि हिंदी गाण्यांना नाकं मुरडायचे. मी गात नव्हते, वाजवतही नव्हते. हॉल मागून घेणं, प्राचार्यांची सही आणणं, स्पीकरवाल्याशी बोलणं आणि कार्यक्रमात माइकवर निवेदन करणं ही माझी कामं. ती मला चांगली जमत. त्यामुळे त्या चौघांत मला थोडी किंमत होती आणि मी ती जपत होते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ एवढंच आहे.

तिसऱ्या वर्षाच्या स्नेहसंमेलनात आमच्या बँडला शेवटची पंधरा मिनिटं मिळाली. मुलांनी ते पाचवं गाणं ठरवलं. आठ मिनिटांचं गाणं. सुरुवात अगदी संथ, आणि मध्यावर एकट्या गिटारचा दोन-अडीच मिनिटांचा तुकडा. गाणं लोकांच्या लक्षात राहतं ते त्या तुकड्यामुळे. आमच्या गिटारवाल्या मुलाला तो येत नव्हता. त्याला कॉर्ड्स यायच्या, मान हलवता यायची आणि केस फार छान होते. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला तरी तो रोज म्हणायचा, "होईल गं, टेन्शन नको घेऊस." मी घरी टेपरेकॉर्डरवर तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकत असे. कुठे सोपा करता येईल का, कुठून कापता येईल, याचा विचार करत.

एका रविवारी सकाळी तोच प्रकार चालला होता. दारात आमची नेहमीची मासेवाली मावशी बसली होती. ती दिवाळे गावची. बेलापूरच्या आमच्या कॉलनीत निम्म्या बिल्डिंगी तिच्याकडूनच मासे घेत. आई तिच्यासमोर बसून कोळंबीचा भाव पाडत होती. मावशीने एकाएकी हात थांबवला.

"ह्ये गानं त माजा भाव वाजवतो," ती म्हणाली.

मला हसू आलं. "मावशी, हे इंग्लिश आहे."

"मंग? बेंजोला काय इंग्लिश येत नाय?"

"तुमचा भाऊ बेंजो वाजवतो?"

"हळदीला. त्याची सवताची पार्टी हाय आता." तिने बोटाने हवेत टेपरेकॉर्डरकडे खूण केली. "ह्ये आलं का पोरं बेभान नाचतात. तुला खोटं वाटतं त ये ना गावात. कवा पन ये."

आई म्हणाली, "अगो, ती कसली येते! तिला गावातल्या हळदीचं वाजवणं चालत नाही. आवाज आला की खिडक्या लावते."

हे खरं होतं. लग्नसराईत खाडीच्या बाजूने बेंजोचा आवाज आला की मी खिडक्या बंद करत असे.

पण मी कामाशी काम ठेवणारी बाई आहे, तेव्हाही होते. तीन आठवडे उरलेत आणि तुकडा येत नाही, तर बघून यायला काय जातं, असा विचार करून दोन दिवसांनी कॉलेजमधून परस्पर दिवाळ्याला गेले. मावशीचं घर खाडीजवळ. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते. तिचा भाऊ पस्तिशीचा, बारीक, बनियन आणि हाफपँटमधला. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसला. पुढ्यात बेंजो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. वायर स्पीकरला लावलेली.

त्याने सुरुवातीचं सगळं सोडलं आणि थेट तो तुकडा वाजवला. मी कॅसेटवर शंभर वेळा ऐकला होता. एक सूर सुटला नाही. उलट बसक्या कॉपीत मला जे कधी ऐकूच आलं नव्हतं, तेही त्याच्या बेंजोत होतं. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना ते पाठ होतं, कुठे वर जाणार, कुठे थांबणार, सगळं.

"कुठे शिकलात?" मी विचारलं.

"मामा जहाजावर हुता. त्यानं कॅसेटी आनल्या. ही अशीच गानी, पंधरा-वीस कॅसेटी." तो हसला. "बोल काय कळत नाय मना. पन बेंजोला तोंड कुठं असतं?"

मी त्याला कॉलेजचं सांगितलं. येईन म्हणाला. पैशाचं मी बोलायला गेले तर त्याने हात हलवला आणि बहिणीकडे बघितलं. मावशीच बोलली.

"पैसं नको. नारळ-सुपारी दे, रीत हाय ती. आनि एक काम कर. माइकवर नाव घे."

"कोणाचं?"

"त्याचं. आनि गावाचं."

मला कळलं नाही तेव्हा तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे सुपारी घेतली की वाजवणाऱ्याचं नाव आणि गाव यजमान माइकवर घेतो. मग लोक टाळ्या वाजवतात. नाव घेतल्याशिवाय टाळी वाजवायची नाही. नाव घेतलं नाही तर तो वाजवणारा कोणीच नाही, भाड्याने आणलेला स्पीकर आहे.

"आनि आईला आनायची हाय," भाऊ म्हणाला. "होडी सोडली म्हनून ती माज्याशी धड बोलत नाय. म्हनते, वाजवून कोन मोठा झालाय? कालेजात नाव घेतलं आनि तिनं सवता आइकलं, त गप ऱ्हाईल."

मी म्हटलं, "घेईन की. निवेदन मीच करते."

दुसऱ्या दिवशी आईने मला नारळ आणि सुपारी काढून दिली. मी ती नेऊन त्याच्या हातावर ठेवली. त्याने नारळ कपाळाला लावला.

मग कॉलेजात सांगितलं. तुकडा वाजवणारा माणूस मिळाला म्हटल्यावर चौघे खूष. कोण, कुठला, कुठल्या बँडमधला? मी सांगितलं. चौघांपैकी तिघे खो खो हसत सुटले.

"हळद आहे काय रे आपली?" ड्रमवाला म्हणाला. "नवरी कोण?"

"स्टेजवर मासे पण ठेवू. पॅकेज डील."

गिटारवाला हसला नाही. तो म्हणाला, "मग मी काय करू? स्टेजवर उभा राहून त्याची बटणं बघू?"

मी त्यांना एकदा ऐका तरी म्हटलं. तालमीला तो आला. पांढरा शर्ट, पाठीवर कापडात गुंडाळलेला बेंजो. त्याने वाजवलं आणि चौघांचीही तोंडं बंद झाली. तो पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा गाणारा मुलगा हळूच म्हणाला, "साला, वाजवतो मस्त. पण दिसतो कसा बघ. हा इथे मांडी घालून बसला तर पब्लिक काय म्हणेल?"

पडद्यामागे बसवायची कल्पना कोणाची, हे आठवू नये असं मला पुढे बरेचदा वाटायचं. पण आठवतं. माझी. ते चौघे नुसते कुरकुरत होते. त्यावर व्यवस्थित तोडगा मी काढला. वायर लांब घ्यायची, बेंजो मागच्या पडद्याआड, गिटारचा आवाज त्या तुकड्यापुरता बंद, आणि गिटारवाल्याने फक्त बोटं हलवायची. मला अशा अडचणी सोडवायला आवडतात. सगळे म्हणाले, "सही आहे, यार." आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं हेही लिहून ठेवते.

त्याला मी सांगितलं की स्टेज लहान आहे, वायरींचा गोंधळ होतो, म्हणून आत बसावं लागेल. त्याने स्टेजकडे पाहिलं. स्टेज लहान नव्हतं, हे त्याला दिसत होतं.

"चालंल," तो म्हणाला. "नाव तेवढं घ्या."

"घेणारच."

निवेदनाचा कागद मी स्वतः लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. शेवटच्या परिच्छेदात त्याचं नाव होतं आणि पुढे "दिवाळे" लिहून खाली रेघ मारली होती. तेव्हा मी घेणार होते. निदान असं मला वाटत होतं.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला. साडेचारलाच मावशी आली, म्हाताऱ्या आईला धरून, आणि बरोबर भावाची बायको. तिघींनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, केसांत अबोली. मी दाराशी होते. मावशी म्हणाली, "बाय, आमी कुठं बसू?" माझ्या वर्गातल्या मुली बाजूलाच होत्या. त्यातली एक माझ्या कानात पुटपुटली, "तुझी मासेवाली ना गं ही?" मी पुढे झाले, तिघींना आठव्या-नवव्या रांगेत कडेला बसवलं आणि परत दाराशी आले. म्हातारी मागून विचारत होती, "पोर कुठं हाय?" आणि मावशी सांगत होती, "आत हाय. येल आता."

गाणं सुरू झालं. आमचा गाणारा मुलगा ठीक गायला. मग तुकडा आला. त्या अडीच मिनिटांबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण ज्याने वाजवलं त्याच्याबद्दल लिहिण्याचा मला हक्क उरलेला नाही. एवढंच सांगते की हॉलमधली हुल्लडबाज मुलंसुद्धा गप्प झाली. गिटारवाल्याने डोळे मिटले होते आणि बोटं हलवत होता. छान हलवत होता. पुढच्या रांगेतल्या कोणालाही शंका आली नसती.

संपल्यावर सगळा हॉल उभा राहिला. शिट्ट्या, आरडाओरडा, खुर्च्यांवर थापा. मी माइक घेऊन पुढे आले. हातात कागद होता. समोर पाहिलं तर सगळे टाळ्या वाजवत होते आणि आठव्या-नवव्या रांगेच्या कडेला तीन बायका बसून होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. हात समोर धरलेले होते, तयार. त्या नावाची वाट बघत होत्या.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे स्टेजवर चढले. कुठल्याशा कारखान्याचे मालक होते. त्यांनी गिटारवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि माइकजवळ येऊन विचारलं, "वा! हे कुणाकडे शिकलास बेटा?"

गिटारवाल्याने माझ्याकडे पाहिलं. माइक माझ्या हातात होता. कागदावर रेघ मारलेलं गावाचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. पडदा माझ्या मागे चार पावलांवर होता, आणि त्याच्या फटीतून तो मला दिसत होता. उठून उभा राहिला होता. शर्ट खाली ओढून सारखा करत होता. नाव घेतल्यावर बाहेर यायचं, असं त्याने गृहीत धरलं होतं.

मी म्हटलं, "सर, स्वतःच शिकलाय."

आणि गिटारवाल्याचं नाव घेतलं, आडनावासकट.

का, याचं उत्तर मी बरीच वर्षं नीट देत नव्हते. घाईत झालं, पाहुण्यांनी मध्येच विचारलं, नाव घेतलं असतं तर सगळ्या बँडची फजिती झाली असती, असं काहीबाही. खरं म्हणजे मला विचार करायला भरपूर वेळ होता. दाराशी भेटलेल्या माझ्या वर्गातल्या मुली पुढच्या रांगेत होत्या, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि "दिवाळे" हा शब्द माइकवर माझ्या तोंडून निघाला तर त्या कशा बघतील एवढंच माझ्या डोक्यात आलं. बाकी कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती.

मी पडद्यामागे गेले तेव्हा तो बेंजो कापडात गुंडाळत होता. गाठ सावकाश मारत होता. मी म्हटलं, "दादा, जरा गडबड झाली." तो म्हणाला, "हां." पुढे मी काहीतरी वायरींबद्दल बोलले. त्याने वायरीचं वेटोळं करून माझ्या हातात दिलं, ती स्पीकरवाल्याची होती म्हणून, आणि मागच्या दाराने गेला. मावशी म्हातारीला घेऊन पुढच्या दाराने गेली. मी तिकडे गेले नाही. आत खुर्च्या मोजायच्या होत्या.

गिटारवाल्या मुलाला त्यानंतर दोन-तीन ठिकाणांहून बोलावणी आली. तो कुठेच गेला नाही. परीक्षेचं कारण सांगायचा. काही दिवसांनी त्याने गिटार विकून टाकली. माझ्याशी त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही. चौघांत माझी किंमत मात्र राहिली.

मावशी आमच्या दारात यायची थांबली. खालच्या मजल्यावर यायची, समोरच्या बिल्डिंगमध्ये यायची. आईने दोनदा जिन्यातून हाक मारली, तेव्हा "संपलं, ताय" एवढंच उत्तर आलं, आणि टोपलीत मासे दिसत होते. आई मला म्हणाली, "तू काय केलंस गो तिचं?" मी म्हटलं, "मी काय करणार?" त्यानंतर आई बाजारातून मासे आणू लागली.

शेवटी मी दिवाळ्याला गेले. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांनी, दुपारी. माफी मागायची असं ठरवून गेले होते. वाक्यंही जुळवली होती. मावशी बाहेर सुकट पसरत होती. मला पाहून तिने काम थांबवलं नाही.

"दादा आहेत?"

"सुपारीला गेलाय. पनवेलला."

मी उभी राहिले. तिने बस म्हटलं नाही.

"मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. त्यांना सांगाल?"

"काय सांगू?"

"चुकलं म्हणून."

ती सुकटीतून एक एक बारीक खडा काढून फेकत होती. मग म्हणाली, "आईला ऐकू आलं बरं. आवाज आला का लगेच म्हनली, ह्यो आपला. सगळा हॉल ऐकत हुता, तर तिला काय आनंद झाला! मंग मी सांगितलं, त्यो पडद्यामागं हाय. त म्हनते, पडद्यामागं कशाला? त्यानं काय चोरी केली हाय?"



"मी काय सांगनार तिला?" मावशी म्हणाली. "तूच सांग, बाय. काय सांगू?"

मग तिने सांगितलं की तो ही लग्नसराई संपली की परत होडीवर जाणार आहे. म्हातारीशी आता वाद घालायचा नाही असं म्हणाला. हातातल्या सुपाऱ्या तेवढ्या पुऱ्या करतोय. हे तिने माझ्यावर राग काढल्यासारखं सांगितलं नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं आणि सुकट पालथी करायला दुसऱ्या टोकाला गेली.

मी म्हटलं, "मी परत येईन, ते घरी असतील तेव्हा." ती म्हणाली, "ये." मी परत गेले नाही.

मुलीला हे सगळं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आई, तू निदान गेलीस तरी. बरेच लोक असंच म्हणतील, म्हणून शेवटचं लिहिते. त्या दिवशी रस्त्याने परत येताना मला हलकं वाटत होतं. काम उरकल्यासारखं. त्याच्यासमोर उभं राहावं लागलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही, आणि तरी मी जाऊन आले होते. ते नशिबाने जमलं नव्हतं. त्या आठवड्यात लग्नाचा एकच मोठा मुहूर्त होता. आदल्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो शोधला होता, आणि वाजवणारा माणूस घरी नसणार हे बघूनच तो दिवस निवडला होता.